सोमवार ते शनिवार

सुट्टी संपवून घरी परतल्यावर तुमच्याकडे पहिल्या दिवशी काय शिजतं, हा प्रश्न मला आयुष्यात एकाच माणसानं विचारला. तोही शाळेच्या स्टाफरूममध्ये, मांडीवर वही आणि हातात पेन्सिल घेऊन. धुळ्याच्या त्या हायस्कुलात मला लागून जेमतेम चार महिने झाले होते. फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्यामुळे कुणीतरी आपल्या घरचं विचारतंय म्हटल्यावर मी सावरून बसलो.

"खिचडी," मी म्हणालो.

"कसली?"

"मुगाच्या डाळीची."

"सोबत?"

"कढी."

"कढी कशी? घर आठ दिवस बंद होतं ना? ताक आलं कुठून?"

याचा मी कधी विचार केला नव्हता. बावीस-तेवीस वर्षं ती कढी मी भुरकत आलो होतो, पण ताक कुठून येतं हे ठाऊक नव्हतं. विचारणारे होते आमचे गणिताचे सर. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, वहीत 'कढी' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाले, "दिवाळीला गावी असोद्याला जाल तेव्हा आईला विचारून या. विसरू नका." मग खुर्ची उचलून ते हिंदीच्या बाईंकडे गेले.

बाई म्हणाल्या, "मी तर पहिल्या दिवशी आमच्या ह्यांना बाहेर जेवायला पाठवते." सगळे हसले. सर हसले नाहीत, त्यांनी तेही लिहून घेतलं. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "काय करतस सर, घरमा जे ऱ्हास ते करतस." हे उत्तर सरांना इतकं आवडलं की त्याच्याखाली त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या.

अख्ख्या स्टाफला वाटलं, सरांच्या डोक्यात काहीतरी नवीन शिरलंय. मला मात्र त्यामागचं कारण माहीत होतं, कारण मी त्यांच्याच डोक्यावर राहत होतो. म्हणजे खरोखरच डोक्यावर. पांझरा नदीच्या बाजूच्या एका गल्लीत खालच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांच्या दोन मुली, आणि वरच्या एका खोलीत मी. त्यांच्या घरात भांडं पडलं की माझ्या जमिनीला कळायचं.

सर गणित शिकवायचे, पण शाळेत त्यांची खरी सत्ता होती ती वेळापत्रकाची. जूनमध्ये प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर चार ड्रॉइंग पेपर चिकटवून ते एक भलंमोठं पान तयार करत. त्यावर पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. प्रत्येक शिक्षकाचा रंग वेगळा. त्या चिठ्ठ्या सरकवत ते तीन-तीन दिवस उभे असत आणि मधूनच, "मोकळा राहिला! नववी ब मोकळा राहिला!" असं ओरडत. वर्ग मोकळा राहणं ही त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी आपत्ती होती. कुणी रजेवर गेलं की प्रार्थनेनंतर दहा मिनिटांत सरांची बदली तासाची चिठ्ठी हातात पडायची. ती चुकवण्यासाठी लोक ग्रंथालयात, पाण्याच्या टाकीमागे, कुठं कुठं लपायचे. सरांना सगळ्या जागा पाठ होत्या. एकदा ड्रिलचे शिक्षक आले नाहीत आणि स्टाफमध्ये एकही माणूस मोकळा नव्हता, तर सरांनी चिठ्ठी थेट हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. हेडमास्तरांनी ती वाचली, कोट काढला आणि शिटी घेऊन मैदानावर गेले. तेव्हापासून कुणीच कुरकुर केली नाही.

उंच, काटकुळे, पांढरा फुलशर्ट, खिशात तांबडी-निळी पेन्सिल. चालताना ते मान जरा पुढे काढत, पुढच्या वळणावर काय आहे ते आधीच बघून घ्यायचंय असं वाटे. चौकसपणा हा त्यांचा स्वभावच होता. माझं लग्न झाल्यावर मी बायकोला घेऊन त्यांच्या पाया पडायला गेलो, तर आशीर्वाद दिल्या दिल्या त्यांनी तिला विचारलं, "तुमच्या माहेरी पाहुणे गेल्यावर उरलेल्या फराळाचं काय करतात?" परत येताना ती म्हणाली, हे तुमचे सर जरा हे आहेत का? पण घरी आल्यावर तिनं त्यांना दोन पानी पत्र लिहिलं, चिवड्याची भाजी कशी करतात त्यासकट.

पण हे सगळं नंतरचं. मी राहायला आलो तेव्हा सरांच्या बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. थोरली मुलगी अकरा वर्षांची, धाकटी सातची. सुरुवातीला गल्लीतल्या एका बाईंचा डबा लावला होता. तो धाकटीला मानवेना, तेव्हा श्रावणापासून सरांनी स्वतः स्टोव्ह पेटवला. गॅसचा नंबर लागायचा होता. रविवारी तेवढी खानावळीतून शेवभाजी आणि पोळ्या आणायचे, कारण रविवारी ते दहावीचे जादा वर्ग घेत.

त्यांची भाकरी मी पहिल्यांदा बघितली ती काडेपेटी मागायला खाली गेलो तेव्हा. परातीत भाकरी थापून झाली होती. नकाशात असतात तसे तिला चारी बाजूंनी फाटे फुटले होते. सरांनी शांतपणे पिठाच्या डब्याचं झाकण घेतलं, भाकरीवर उपडं दाबलं, कडेचा भाग सुरीनं कापून बाजूला काढला आणि उरलेली अगदी गोल भाकरी तव्यावर टाकली.

मी हसलो. तोंडावर हसलो, आता आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

"हसू नका, सर," ते म्हणाले. ते मलाही 'सर'च म्हणत. "भाकरी वाकडी झाली की मुली तिच्याकडे बघत बसतात. तोंडानं बोलत नाहीत, पण बघत बसतात. त्यांच्या आईची गोल असायची."

मी काडेपेटी घेतली आणि वर गेलो.

आता त्या प्रश्नाकडे येतो. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या परीक्षा आल्या. सरांवर साऱ्या परीक्षेच्या सुपरव्हिजनचं वेळापत्रक होतं. चार दिवस ते त्यातच बुडालेले. एका सकाळी मुलींना दोन-दोन ग्लुकोजची बिस्किटं देऊन त्यांनी शाळेत पिटाळलं, आणि धाकटी तिच्या शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. फार काही झालं नाही. बाईंनी लिंबूपाणी दिलं, ती उठून बसली. पण धुळ्याहून शिरपूरला दिवसाला इतक्या गाड्या जातात की बातमीला दुपारसुद्धा लागली नाही. संध्याकाळी अक्का दारात हजर.

अक्का म्हणजे सरांच्या सासूबाई. लहानखुऱ्या, नऊवारी, कपाळ मोकळं. शिरपूरला एकट्या राहायच्या. एकुलती एक मुलगी होती, ती गेली. अक्कांनी धाकटीला मांडीवर घेतलं, तिचे दंड चाचपले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. मग त्या सरांना म्हणाल्या,

"जवाई, पोरीसले मी लई जास. दिवाळी व्हयनी का मी स्वता लई येसू. तुमनं घर देखसू. घर बराबर दिसनं तं पोरी आठे. नही तं शिरपूरनी शाळामा नाव टाकसू."

मुलींना आता त्या नेणार आणि दिवाळी झाली की स्वतः आणून घर बघणार. घर बरोबर दिसलं तर मुली इथे, नाही तर शिरपूरच्या शाळेत. सर "बरं, अक्का" एवढंच म्हणाले. थोरली दप्तर भरत होती ती थांबली आणि वडिलांकडे बघू लागली. सरांनी तिच्याकडे बघितलंच नाही, ते सुपरव्हिजनच्या कागदाची घडी घालत होते. तो माणूस आतून किती घाबरलाय हे मला त्या घडीवरून कळलं. एकाच कागदाची त्यांनी पाचदा घडी घातली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये वही उघडली गेली.

दिवाळीत मी असोद्याला असताना मला पोस्टकार्ड आलं. अक्षर सुबक, मजकूर तारेसारखा: 'गुरुवारी दुपारपर्यंत या. भरताची वांगी सहा, मध्यम, देठासकट. ताकाचं उत्तर आणावं.' शाळा सोमवारी सुरू होणार होती आणि अक्का रविवारी येणार होत्या. मी कुरकुरलो, तीन दिवसांची सुट्टी जात होती, पण पिशवी भरायला घेतली. आईला विचारलं, आपण गावाहून परत येतो तेव्हा कढीचं ताक कुठून येतं गं? आई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मंग शेजारी कायले राह्यतात?"

जळगावहून धुळ्याची गाडी पकडून वांगी मांडीवर सांभाळत मी पोचलो. सरांना आईचं उत्तर सांगितलं. ते खूप विचारात पडले. "शेजारी," ते म्हणाले, "हे माझ्या यादीत नव्हतं." आणि लगेच बाजूच्या घरी जाऊन त्यांच्याकडे दही कोणत्या वारी लागतं ते विचारून आले.

घर कसं लावतात हे मी त्या तीन दिवसांत बघितलं. आमच्या घरी ते आपोआप लागलेलं असायचं. मी गावाहून घरी परत आलो की माझ्यासमोर ताट यायचं, त्याच्या आधी काय काय होतं हे मला कुठं माहीत? सरांनी फळीवरचा प्रत्येक डबा खाली काढला. आत जुनी डाळ, किडे पडलेला रवा, आणि त्यांच्या बायकोनं कधीतरी भरून ठेवलेली, रंग उडालेली हळद. हळदीचा डबा त्यांनी रिकामा केला नाही. तसाच पुसला आणि सगळ्यात वर ठेवला. बाकीचे घासून अंगणात उन्हात उपडे घातले.

मग ज्वारी आणि उडीद घेऊन आम्ही गिरणीवर गेलो. दिवाळीनंतरचा गुरुवार, बायकांची ही रांग. सरांनी रांगेतल्या पहिल्या बाईला विचारलं, "कळण्याच्या पिठाला ज्वारीत उडीद किती घालता?" ती पदर तोंडाला लावून हसली. पण दुसरी म्हणाली पायलीला इतके, तिसरी म्हणाली छे, इतके घातले तर भाकर चिकट होते, आणि चौथीनं दोघींना वेड्यात काढलं. सर पेन्सिलीनं लिहीत सुटले. गिरणीवाला ओरडत होता, पुढे सरका, पुढे सरका. परतताना सरांच्या वहीत उडदाची सात प्रमाणं, काळ्या मसाल्याच्या अकरा तऱ्हा, आणि भाकरी गोल का होत नाही याची चार कारणं होती. संध्याकाळी त्यांतली एक म्हातारी पीठ बरोबर दळलंय का ते बघायला घरी येऊन गेली.

भाजीचा तर त्यांनी प्रयोगच केला. पाचकंदिलाच्या बाजारातून मेथीच्या तीन जुड्या आणल्या. एक उघडी ठेवली, एक ओल्या फडक्यात, एक वर्तमानपत्रात. दर दोन तासांनी जाऊन बघायचे आणि लिहायचे. मीही बघू लागलो. खोटं कशाला बोलू, मला त्यात रस वाटायला लागला. शुक्रवारी रात्री जेवताना आम्ही दोघं फडक्यातल्या मेथीबद्दल इतकं बोललो की भाजीत मीठ नाही हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शनिवारी दुपारी वेळापत्रक भिंतीवर लागलं. ड्रॉइंग पेपर, निळ्या शाईच्या रेघा. सोमवारी मेथी, कारण ती आधी सुकते. मंगळवारी पालक घालून वरण. बुधवारी गवार, गुरुवारी भरीत, शुक्रवारी मटकी, ती बुधवारी भिजत घालायची, आणि शनिवारी गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, कारण तो महिनाभर टिकतो. सकाळी काय, मधल्या सुट्टीच्या डब्यात काय, रात्री काय. कुणाचं कोणतं काम तेही. थोरलीनं भाजी निवडायची, धाकटीनं ताट-वाट्या मांडायच्या आणि पाणी ठेवायचं. बुधवारी संध्याकाळी दूध आणायचं काम माझं. त्या कागदावर माझं नाव बघून मला फार बरं वाटलं. खाटेखाली सहा टोपल्या ओळीनं, प्रत्येकीवर वाराची चिठ्ठी.

संध्याकाळी त्यांनी रंगीत तालीम घेतली. सोमवारची. मला धाकटीच्या पाटावर बसवलं. घड्याळ लावून स्टोव्ह पेटवला, भाजी टाकली, भाकरी थापली, झाकणानं कापली, भाजली. छत्तीस मिनिटं लागली. मी दुसरी भाकरी मागितली तर सर म्हणाले, "धाकटी दीडच खाते," आणि माझ्या ताटातली अर्धी काढून घेतली. उपाशीपोटी वर जाताना मला मनापासून वाटलं की हा माणूस पास होणार.

रविवारी सकाळी सर स्टँडवर गेले आणि साडेदहाला तिघींना घेऊन आले. मुली उन्हानं लाल झाल्या होत्या. धाकटीचे गाल भरले होते, ते सरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. मी दारात उभा राहिलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिथून जाणं मला जमलं नसतं.

अक्कांनी चप्पल काढली, पाय धुतले आणि थेट फळीकडे गेल्या. एकेक डबा उघडून वास घेतला. पिठात बोट घालून ते जिभेला लावलं. माठाच्या तळाशी हात फिरवला. स्टोव्हच्या मागे वाकून बघितलं. खाटेखालच्या टोपल्या ओढून मेथी हातात घेतली, फडकं सोडून परत गुंडाळली. भिंतीवरचा कागद थोरलीकडून वाचून घेतला, सगळा. सर हात मागे बांधून उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

"बठ्ठं बराबर शे," अक्का शेवटी म्हणाल्या. आवाजात थोडं आश्चर्य होतं, आणि मला वाटलं, थोडी निराशाही.

सरांनी हात सोडले. मीही श्वास सोडला.

"आजी, भूक लागली," धाकटी म्हणाली.

"हां, बठा पोरीसहो. जवाई, आज जेवाले काय शे?"

सर ऐटीत कागदाकडे वळले. बोट सोमवारवर ठेवलं. तिथून ते मंगळवारवर गेलं, बुधवारवर गेलं, शनिवारवर गेलं आणि कागदाच्या कडेला येऊन थांबलं. त्यापुढे भिंत होती.

मी त्या कागदाकडे आदल्या दिवसापासून बघत होतो. रेघा मारताना पट्टी मीच धरली होती. पण आम्ही दोघंही मास्तर. आमच्या डोक्यातला आठवडा सहाच दिवसांचा. तालीमसुद्धा आम्ही सोमवारची घेतली. आणि रविवारची खानावळही त्या गडबडीत कुणाला आठवली नव्हती, तिथे आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागायचं. घरात सहा दिवसांचं सगळं भरलेलं आणि स्टोव्ह थंड. आधण ठेवलेलं नाही की कणीक मळलेली नाही.

"अक्का," सर म्हणाले, "रविवार राहिला."

"राहिला म्हंजे?"

"माझ्या कागदावर रविवारच नाही."

अक्का ट्रंकेवर बसल्या. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्या थकल्यासारख्या दिसल्या. "पोटले सुट्टी ऱ्हास का, जवाई?" त्या हळूच म्हणाल्या. मग थोरलीकडे वळून, "पोरी, पिशवी सोडू नको. संध्याकाळनी मोटरवर वापस जाऊत."

थोरली पिशवीच्या नाडीला हात घालून बसली होती. तिनं हात काढून घेतला.

मला वाटलं सर आता काहीतरी बोलतील. वही काढतील, मेथीचा प्रयोग सांगतील, उडदाची सात प्रमाणं दाखवतील. पण ते खाटेखाली वाकले, गुरुवारची टोपली ओढली आणि माझ्या गावची सहाही वांगी बाहेर काढली. गुरुवार त्यांनी स्वतःच्या हातानं मोडला. बाह्या वर केल्या, स्टोव्हला पंप मारला, वांग्यांना तेलाचं बोट लावून ती जाळावर ठेवली. घरभर भाजल्याचा वास सुटला. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कोथिंबीर. घड्याळाकडे बघायलाही त्यांना सुचलं नाही. मग परात घेऊन पीठ मळलं आणि भाकरी थापली. ती नेहमीसारखीच फाटे फुटलेली. त्यांनी झाकण घेतलं.

"हाई काय?" अक्का उठून जवळ आल्या.

"गोल होते," सर म्हणाले.

"आमची भाकरी अशीच असते, आजी," धाकटी अभिमानानं म्हणाली. "कुणाचीच इतकी गोल नसते."

अक्कांनी कापून काढलेल्या कडा बोटानं उचलल्या. "आनि हाई कोन खास?"

"नाना खातात," धाकटीनं वडिलांकडे बोट दाखवलं. " ते भाजून घेतात शेवटी. त्यांना कोपरे आवडतात."

"आवडत नाहीत," थोरली म्हणाली. "आमच्या चार भाकरी होईपर्यंत शाळेची वेळ होते. मग ते स्वतःला करतच नाहीत. तेवढंच खाऊन जातात. मला माहीत आहे."

सर तव्याकडे बघत राहिले. भाकरीचा पदर सुटला होता, ती उलटायची राहिली.

श्रावणापासून तो माणूस कापलेल्या कडा खाऊन पाच-पाच तास वर्गात उभा राहत होता, आणि मी त्याच्या डोक्यावर राहून, त्याच्या घरात जेवून, ते झाकण बघून हसलो होतो. प्रत्येक वर्ग कुणीतरी सांभाळतंय ना हे बघत फिरणाऱ्या या माणसाला तू जेवलास का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. अजूनही वाटते.

अक्का नुसतं "सरका" म्हणाल्या. सर सरकले. अक्का परातीसमोर बसल्या, पिठाचा चांगला मोठा गोळा घेतला, मळून मळून मऊ केला आणि थापायला लागल्या. हाताचा तो आवाज त्या घरात बऱ्याच महिन्यांनी आला असणार, कारण दोन्ही मुली एकदम जवळ सरकून बसल्या. परातीएवढी भाकरी झाली. ती भाजली, ताटात ठेवली, वर भरीत वाढलं, कच्च्या तेलाची धार सोडली.

"बठा. हाई तुमनी."

"मुली आधी..."

"पोरी बी जेवतीन. पहिले तुम्ही बठा."

सर पाटावर बसले. मान खाली घालून जेवले. दुसरी भाकरी वाढताना अक्कांनी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी नको म्हटलं नाही. मग मुली जेवल्या, मग मला हाक आली, आणि सगळ्यांच्या शेवटी अक्का. त्यांचं जेवण बघताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्या फार हळू जेवत होत्या, धाकटीला मधे मधे घास देत, आणि भरीत संपलं तरी ताटावरून उठत नव्हत्या. थोरलीनं विचारलं, "आजी, आता शिरपूरला तू काय करशील जेवायला?" तर म्हणाल्या, "एकली माणूसनं काय करनं. सकायनी भाकर सांजले पुरस." हे त्यांनी सहज सांगितलं. सर तेव्हा परात धूत होते. हातावर पाणी तसंच पडत राहिलं.

पण मुलींचं काय, ते कुणी बोलेना. दुपारभर अक्का धाकटीचे केस विंचरत बसल्या. थोरलीनं गृहपाठाची वही काढली आणि परत पिशवीत घातली. संध्याकाळी अक्कांनी गाठोडं बांधलं आणि उठल्या. मुलीही उठल्या. पिशवी सोडायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती मी उचलली. स्टँडपर्यंत आम्ही पाचही जण चालत गेलो. सर सगळ्यांच्या पुढे होते आणि एकदाही मागे वळले नाहीत.

शिरपूरची गाडी लागली तशी झुंबड उडाली. लोक खिडकीतून टोप्या, रुमाल टाकून जागा धरू लागले. सरांनी वाट काढून अक्कांना वर चढवलं. त्यांना खिडकीची जागा मिळाली. धाकटी सरांच्या बोटाला धरून होती, थोरली माझ्या शेजारी. मी काय करणार? सकाळी ठरल्याप्रमाणे मी मुलींची पिशवी वर करून खिडकीतून आत दिली. अक्कांनी ती मांडीवर घेतली. तिच्यावर हात ठेवून त्या क्षणभर बसल्या. थोरलीनं माझी बाही घट्ट धरली.

कंडक्टरनं घंटी मारली. सर धाकटीला उचलून दाराकडे निघाले होते. तेवढ्यात अक्कांनी पिशवी उचलली आणि खिडकीतून माझ्या अंगावर परत लोटली.

"जवाई!" त्या ओरडल्या. गाडी सुरू झाली होती. "ऊभा काय ऱ्हायनात? जा आते घर. पोरीसनी जेवानी येळ व्हयनी!"